सुई बंद कर

पारशिवनी
९ ऑगस्ट १९८३

गोपी,

सप्रेम जयभीम.

मी मरून राहिली वं. दुसऱ्या कोणाले सांगू शकत नाही म्हणून तुले लिहून राहिली.

काल सकाळी लघवी लाल झाली. पिकल्या संत्र्याचा रंग असते ना, त्याहून गडद. मी न्हाणीतच खाली बसली. पोटातून रक्त जाऊन राहिलं म्हणून रडू आलं, अन् पदरानं डोळे पुसले तं पदराले बी तोच रंग. डोळ्यातून रक्त, गोपी! असं कोणाचं ऐकलं का तू?

बाहेर आली तं सासू समोर उभी. "हे काय लागलं वं पदराले?" म्हणे. मी म्हटलं, "हळद सांडली, माय." तिनं पदर हातात घेतला, वास घेतला, अन् निघून गेली. तिनं शिव्या देल्या असत्या तं मले एवढं भेव वाटलं नसतं.

टीबीचं घरात ह्यांच्याशिवाय कोणाले माहीत नाही. नत्थूजी कंपाउंडर सुई द्याले येतात, ते घरी सांगतात ताकदीची सुई आहे म्हणून. गल्लीतल्या रुख्मिणीचं तुले सांगितलं होतं ना? तिले टीबी निघाला, तसं तिच्या सासरच्यांनी माहेरी धाडलं. पोरगं इथंच ठेवून घेतलं. मंग ती मेल्याची खबरच आली. माझं तं माहेर बी नाही आता, तू एकटी बहीण हायेस, भाड्याच्या खोलीत.

लाल कॅप्सूल मी कालपासून बंद केली. ते घेतल्यावरच हे सुरू झालं. का करू ते लवकर लिहिजो. हे कालव्यावर ड्यूटीले गेले आहेत, शनिवारी येतील.

तुझी
सिंधूताई


वाडी, नागपूर
११ ऑगस्ट १९८३

प्रिय ताई,

जयभीम. पत्र हातात पडलं आणि उभ्याउभ्याच हे लिहितेय. ते रक्त नाही. नीट ऐक, ते रक्त नाही. त्या कॅप्सूलचाच रंग आहे. औषध अंगात फिरतं आणि लघवीतून, घामातून, आसवांतून बाहेर पडतं, तेव्हा रंग दिसतो. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी हे तुला सांगायला हवं होतं. त्यांनी नाही तर मी तरी. तुला घेऊन दवाखान्यात गेले त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कॅप्सूल आजच पुन्हा सुरू कर. का, ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तू ऐकणार नाहीस.

जंतू एवढासा जीव, पण जगायला त्यालाही प्रथिनं लागतात, आणि ती तो स्वतःच बनवतो. कुठलं प्रथिन कसं बनवायचं ते त्याच्या पोटातल्या एका लांब धाग्यावर लिहिलेलं असतं. जे हवं तेवढ्याचीच तो नक्कल उतरवून घेतो. मग त्या नकलेवरून, पोत ओवावी तसं, एकेक मणी लावत प्रथिन ओवतो. ओवून झालं की त्याची नीट घडी पडावी लागते, नाहीतर ते वाया जातं. काही प्रथिनं तो आत वापरतो, काही भिंतीतून बाहेर सोडतो. तुझी लाल कॅप्सूल नक्कल उतरवणाऱ्यालाच धरून ठेवते. आणि नत्थूजींची सुई ओवणाऱ्याला चुकवते. भलताच मणी लागतो, घडी पडत नाही, जंतू मरतो.

एकच औषध चालू ठेवलंस तर त्याला दाद न देणारे थोडे जंतू उरतात आणि तेच वाढतात. मग ते औषधही हातचं गेलं. म्हणून कॅप्सूल, गोळ्या, सुई सगळं एकदम हवं. काही झालं तरी यातलं एकही सोडायचं नाही, ताई. माझी शपथ आहे तुला.

आमच्या प्रयोगशाळेत मी निरुपद्रवी जंतू वाढवते, पिठाची खळ ओतून गोठवलेल्या काचेच्या ताटलीवर. वरून आयोडीन ओतलं की ताटली काळीनिळी होते, फक्त प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं राहतं. जंतूनं बाहेर सोडलेल्या प्रथिनानं तेवढ्या जागेतलं पीठ खाल्लेलं असतं. तुझ्या छातीचा फोटो उजेडावर धरला तेव्हा मला तशीच कडी दिसली. हे तुला सांगितलं नव्हतं. तुझ्याइतकीच मीही भ्यायले आहे, म्हणून आज सांगते.

तुझ्या सासूबाई पुन्हा काही बोलल्या का?

तुझी
गोपी


पारशिवनी
२ सप्टेंबर १९८३

गोपी,

जयभीम. तुझी चिठ्ठी मी चार-पाच वेळा वाचली अन् चुलीत घातली. कॅप्सूल सुरू केली. आता लाल रंग दिसला की मले बरं वाटते, औषध आपलं काम करून राहिलं म्हणून. माणूस कसं असते पाह्य.

ताप उतरला. खोकला बी कमी आहे. ह्यांनी म्हटलं, "तुझी बहीण डॉक्टर नाही, पण डॉक्टरच्या वर आहे." मी हसली.

दोन गोष्टी मात्र होऊन राहिल्या. एक म्हणजे कानात रातकिडे बोलून राहिल्यावाणी आवाज येते, दिवसभर. मी ह्यांना विचारलं, "तुम्हाले ऐकू येते का?" तं ते माझ्याकडे पाहातच राहिले. दुसरं, सकाळी उठलं की उलटी होते. फोडणीचा वास आला की घरातून पळून जावंसं वाटते. कॅप्सूल उपाशीपोटी घेते ना, त्याच्यानं होत असन. तू काळजी करू नको.

सासू काही बोलत नाही. पण माझं ताट वाढताना माझ्या तोंडाकडे पाहते.

तुझी
सिंधूताई


वाडी
६ सप्टेंबर १९८३

प्रिय ताई,

जयभीम. उलटी कॅप्सूलनं होत असेल असं तू सहज लिहितेस, पण मला तसं सहज घेता येत नाही. ही औषधं कधीकधी यकृताला झोंबतात. आरशात डोळे पाहा. पांढरा भाग पिवळा दिसतो का? नखं पिवळी आहेत का? असलं काही असेल तर भाऊजींना घेऊन पहिल्या एसटीनं नागपूरला ये. मी रजा टाकते.

आणि कानातला आवाज सुईमुळे आहे. हे औषध कानाच्या आत जाऊन बसतं. जंतूचं प्रथिन ओवणारं यंत्र वेगळं, माणसाचं वेगळं, म्हणून तर जंतू मरतो आणि आपण वाचतो. मग कानालाच ते का लागतं, याचं उत्तर आमच्या सरांकडेही नाही. मी बाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, आवाज सुरू झाला म्हणजे सुई थांबवायची, बाकीची औषधं चालू ठेवायची. तेव्हा नत्थूजींना उद्यापासून नको म्हणून सांग. कॅप्सूल आणि गोळ्या नेहमीसारख्या.

मी मागच्या पत्रात एकही औषध सोडू नको म्हणून शपथ घातली होती, ती सुईपुरती मोडली असं समज.

उलट टपाली लिही.

गोपी


वाडी
२८ सप्टेंबर १९८३

ताई, जयभीम. तीन आठवडे होऊन गेले, तुझं पत्र नाही. कार्डावर जास्त लिहीत नाही. मी विचारलेल्या दोन्ही गोष्टींचं काय झालं, एवढंच कळव. डोळे कसे आहेत? भाऊजींना नमस्कार. तू लिहिलं नाहीस तर ९ तारखेच्या रविवारी मी येऊन धडकेन, मग घरी काय सांगायचं ते तूच ठरव. गोपी.


पारशिवनी
४ ऑक्टोबर १९८३

गोपी,

जयभीम. येऊ नको. आधी हे वाच.

डोळे पिवळे नाहीत. मले दिवस गेले आहेत. पाचवा लागला.

तुझ्यासंग दवाखान्यात आली तवाच मले माहीत होतं. बाईनं विचारलं होतं, पाळी कवा आली? मी म्हटलं, मागच्या आठवड्यात. तू बाजूलेच उभी होती. मी खोटं बोलली. याच्याआधी दोनदा माझं पोट पडलं, तुले माहीत आहे. मले वाटलं, बाईले सांगितलं तं म्हणन, बाई, आधी हे काढून टाका, मंग औषध. मी ते ऐकलंच नसतं. अन् औषध नाही घेतलं तं दोघं बी मेलो असतो. म्हणून दोन्ही गोष्टी पोटात ठेवल्या.

तू लिहिलं सुई बंद कर. मी केली नाही. रागावू नको. मी लई विचार केला. तू माझ्या कानासाठी भिऊन राहिली, ते मले समजलं. पण कान माझा आहे. एक कान गेला तं गेला, दुसऱ्यानं ऐकीन. जन्मल्या जन्मल्या पोराले माझा खोकला लागला तं? तूच म्हटलं होतं, सगळी औषधं एकदम हवी, एक सोडलं तं जंतू वाढते. मंग मी सुई कशी सोडू? नत्थूजी बी म्हणत होते, "बाई, कान वाजते तं थांबून जा." मी त्यांना सांगितलं, आता वाजत नाही.

वाजते अजून. आता तं लांबची हाक बी नीट ऐकू येत नाही. पण मी सुई एक बी चुकवली नाही. पोटातलं हालते, गोपी. परवापासून हालून राहिलं. एवढं मागची दोन्ही कधी राहिली नव्हती.

घरी अजून फक्त पोटाचं सांगितलं. सासूनं गूळ वाटला.

तुझी
सिंधूताई


वाडी
७ ऑक्टोबर १९८३

ताई,

सुई बंद कर.

हे पत्र भाऊजींच्या ऑफिसातल्या रामाजीच्या हाती देतेय, तो आज पारशिवनीला येतो आहे. पोस्टाचा भरवसा धरायला वेळ नाही, म्हणून त्याला टीबीचंही सांगावं लागलं. वाचलंस की नत्थूजींच्या घरी माणूस पाठव आणि सांग, आता एकही सुई नको. कुप्या उरल्या असतील त्या त्यांना परत दे, घरात ठेवू नको. कॅप्सूल आणि गोळ्या चालू राहू दे, त्या पोटातल्याला चालतात, मी दोन डॉक्टरांना विचारलं आहे. बाळ काढावं लागेल असं त्या दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही. बाई तुला तेव्हाही तसं म्हणाल्या नसत्या. काहून नाही सांगितलं वं ताई? मले तरी सांगायचं होतं!

आता माझं ऐक आणि प्रश्न विचारू नको.

गोपी


पारशिवनी
११ ऑक्टोबर १९८३

गोपी,

जयभीम. सुई बंद झाली. रामाजी आला तवा मी धान निवडून राहिली होती. त्याचं तोंड पाहूनच मी सूप खाली ठेवलं.

तू म्हटलं, प्रश्न विचारू नको. मी विचारते. माझ्या कानासाठी तू टपालानं लिहिलं. पोटाचं समजलं तं माणूस धाडला. माझा कान आधी बी जाऊन राहिला होता, मंग आता एवढी घाई कोणासाठी? मी सातवी शिकली, पण एवढं मले समजते. खरं सांग.

घरचं ऐक. रामाजीनं दारातच विचारलं, "टीबीवाली वहिनी इथंच राहते का?" सासू खाटेवर बसली होती. तो गेल्यावर मी तिच्यासमोर उभी राहिली अन् सगळं सांगितलं. सांगताना मी खांब धरला होता. सासू म्हणे, "इतके महिने माझ्या चुलीवर स्वयंपाक करून राहिली, अन् आता सांगते?" मंग उठली अन् मागच्या अंगणात जाऊन बसली. दुपारभर आत आली नाही. मी माझं लुगडं पिशवीत भरून ठेवलं होतं.

दिवेलागणीले आली. माझी खाट उचलून ओसरीवर टाकली. ताट, पेला वेगळा केला. मंग स्वतःची खाट ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणली. म्हणे, "रुख्मिणीले धाडलं तवा मी तिच्या सासूले म्हटलं होतं, बरं केलं. झोप आता."

मी झोपली नाही. तुझ्या उत्तराची वाट पाहून राहिली.

सिंधूताई


वाडी
१५ ऑक्टोबर १९८३

प्रिय ताई,

तू विचारलंस, तर खरं सांगते. लपवून आपण दोघींनी एकमेकींचं काय केलं ते दिसतंच आहे.

ही सुई आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळाचा कान याच महिन्यांत तयार होत असतो. तुझ्या कानात जे झालं ते त्याच्या कानात होऊ शकतं. होईलच असं नाही, ताई. बाई म्हणाल्या, पुष्कळ बाळं नीट ऐकतात. पण काही ऐकत नाहीत. कोणतं कोणाच्या वाट्याला, ते आधी कळायचा काही मार्ग नाही. पोटात तपासता येत नाही. जन्मल्यावरही पहिले काही महिने नक्की कळत नाही.

तू सुई सोडली नाहीस कारण मी शपथ घातली होती, आणि नकलेच्या, मण्यांच्या गोष्टी सांगून तुला पटवलं होतं. जंतूच्या आत काय चालतं ते मला माहीत होतं. माझ्या बहिणीच्या आत काय चाललंय ते मी विचारलंच नाही. ताटलीवरची कडी मोजताना आता माझी मोजणी चुकते, सरांनी दोनदा हटकलं.

तुझी कुठलीही चूक नाही. हे वाक्य मी चार कागद फाडून लिहिलं आहे.

तुझी
गोपी


पारशिवनी
२७ फेब्रुवारी १९८४

गोपी,

जयभीम. मधल्या दिवसात मी लिहिलं नाही. काय लिहू समजत नव्हतं. हे तुले कार्ड टाकत होते ते मले माहीत आहे.

पोरगी झाली. चांगली वजनदार आहे. दायी म्हणे, एवढं मोठ्यानं रडणारं पोट्टं या गल्लीत झालं नाही. मले ते रडणं दुरून, गोधडीतून आल्यावाणी येते. माझी थुंकी तपासली, त्यात जंतू नाहीत, नत्थूजींनी कागद वाचून दाखवला. म्हणून सासूनं खाट घरात घेतली अन् पोरगी माझ्या दुधावर आहे. तिचं नाव तारा ठेवलं.

तू येशील तं ये. पण एक ऐक. येऊन टाळ्या वाजवू नको. तिच्या मागं उभी राहून हाका मारू नको. हे आले तं थाळी वाजवाले निघाले होते. मी त्यांच्या हातातून थाळी ओढली अन् अशी ओरडली का पोरगी घाबरून रडली. ते म्हणे, "पाह्य, ऐकलं तिनं!" मी म्हटलं, माझं तोंड पाहून रडली.

जोवर वाजवून पाहिलं नाही, तोवर तिले ऐकू येते. असंच राहू दे थोडे दिवस.

सिंधूताई


वाडी
१९ एप्रिल १९८४

प्रिय ताई,

जयभीम. मी आले, ताराला मांडीवर घेतलं, तिच्या कानाच्या पाळीकडे पाहत बसले आणि तू सांगितलंस तसं काहीही न करता परत आले. एसटीत खिडकीशी बसून सगळा रस्ता मी स्वतःला बजावत होते की तिनं माझ्या आवाजाकडे मान वळवली होती. मग वाटायचं, नाही, मी वाकले म्हणून वळवली.

तुझा नवा फोटो बाईंना दाखवला. छाती जवळजवळ साफ आहे. औषध अजून काही महिने घ्यायचं, पण तू बरी झालीस, ताई. याच्यासाठी आपण एवढं केलं, आणि मला आनंद करता येत नाही.

येत्या महिन्यात ताराला चौथा लागतो. इथे कान तपासणारे डॉक्टर आहेत. ऐकू येत नसेल तर लवकर कळलेलं बरं, तिला शिकवता येतं. मी जबरदस्ती करत नाही. पण न पाहिल्यानं काही बदलत नाही. भीती मात्र रोज वाढते आहे, तुझी आणि माझीही.

तारीख कळव, मी नंबर लावते.

गोपी


पारशिवनी
२१ जून १९८४

गोपी,

जयभीम. नंबर लावला असशील तं राहू दे. नाही लावला तं लाव, जे म्हणशील ते. आधी कालचं सांगते.

काल दुपारी ओसरीवर मी ताराले पायावर घेऊन तेल चोळून राहिली होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी काही बोलत नव्हती. आजकाल मी तिच्याशी बोलतच नाही, कारण बोलली अन् तिनं पाहिलं नाही तं? तुले मागं लिहिलं नाही मी हे.

तेवढ्यात तिनं एकदम मान वळवली. माझ्या खांद्याच्या मागं, दाराकडे. हात थांबले, पाय थांबले, नुसती पाहून राहिली. मी बी मागं पाहिलं. मले वाटलं मांजर असन. दारात सासू उभी होती, हातात तांदळाचं सूप. आली तं ते पाऊल न वाजवता येते, तुले माहीत आहे.

मी विचारलं, "माय, तुम्ही हाक मारली का?"

"नाही वं. मी कायले हाक मारू?"

"मंग पोरगी काहून पाहून राहिली?"

सासू म्हणे, "काकणं वाजली ना माझी. सकाळी कासारीण आली होती, नवीन भरली." अन् मंग तिच्या ध्यानात आलं. सूप तिनं तिथंच खाली ठेवलं. मले म्हणे, "तुले नाही ऐकू आली?"

मी मान हालवली. नाही.

सासू दारातून ओसरीच्या दुसऱ्या अंगाले गेली, ताराच्या मागं, तिले दिसणार नाही अशी. मी ताराचं डोकं दोन्ही हातात सरळ धरलं. आधी मी डोळे मिटून घेतले, मंग म्हटलं, नाही, पाहायचं. उघडले. सासूनं हात वर केला अन् हालवला. कोपरापर्यंत काकणं, हिरवी गच्च. ते एकमेकांवर आपटताना मले दिसत होते. मले काही ऐकू आलं नाही.

माझ्या हातातून तारानं मान सोडवून घेतली अन् तिकडे वळली.

"पुन्हा, माय," मी म्हटलं. सासूनं पुन्हा हालवला, या बाजूनं. पोरगी या बाजूले वळली अन् हसली.

सिंधूताई